गटात पहिला

एका साखर कारखान्याच्या संचालक मंडळापुढे ठेवायचं प्रेझेंटेशन मराठीत करायला आलं. सॉफ्टवेअर कंपनीच्या बावीस स्लाइड, मुदत संध्याकाळी सहाची. तिसऱ्याच स्लाइडवर ‘बेस्ट ऑफ ब्रीड’. ट्रान्सलेशन मेमरीत, म्हणजे जुन्या भाषांतरांच्या साठ्यात, आधीच्या कुणीतरी ‘उत्तम जातीचे सॉफ्टवेअर’ करून ठेवलेलं. जसा काही खिल्लार खोंडच विकायचाय!

मी ‘त्या त्या कामात अव्वल’ लिहिलं. रिव्ह्यूअरने ते खोडून ‘सर्वोत्कृष्ट’ केलं, कारण ग्लॉसरीत, म्हणजे ठरवून दिलेल्या शब्दांच्या यादीत, तसं आहे. आमच्याकडे ग्लॉसरी अपौरुषेय असते.

मग फोनवर मी त्यांना श्वानप्रदर्शनच समजावलं. न्यू यॉर्कचं वेस्टमिन्स्टर, 1877 पासूनचं. आधी एकेका जातीतला पहिला निवडतात, तोही त्या जातीच्या लेखी मानकाशी ताडून. तो ‘बेस्ट ऑफ ब्रीड’. मग जातींचे सात गट, आणि सात गटविजेत्यांतून एकच ‘बेस्ट इन शो’. अमेरिकेत 1991 पासून सलग 31 वर्षं सर्वांत लोकप्रिय ठरलेल्या लॅब्रॅडॉरला तो मान आजवर एकदाही मिळालेला नाही, पण लॅब्रॅडॉरमधला पहिला निवडला जातोच. इंग्रजीत केकच्या स्पर्धेतही ‘बेस्ट इन शो’ म्हणतात, म्हणजे सगळ्यांत भारी. ‘बेस्ट ऑफ ब्रीड’ म्हणजे आपल्या प्रकारात पहिला, एवढंच.

“मॅडम, संचालकांना कुत्र्यांशी काय देणंघेणं?”

काहीच नाही. पण सातव्या स्लाइडचा सगळा डोलारा त्यावरच होता: हिशेबाचं सॉफ्टवेअर यांचं घ्या, ऊसनोंदीचं दुसऱ्याचं, पगाराचं तिसऱ्याचं, सगळं एकाच कंपनीच्या गळ्यात घालू नका. तिथेही ‘सर्वोत्कृष्ट’च गेलं.

चार दिवसांनी प्रोजेक्ट मॅनेजर हसत हसत सांगत आला. एका संचालकांनी बैठकीत विचारलं म्हणे, “तुमचंच सर्वोत्कृष्ट आहे, तर बाकीच्या दोघांना कशाला पैसे मोजायचे?” मला काही हसू आलं नाही. माणूस बरोबरच बोलला होता.

घरी जाताना बसमध्ये शाळेचं स्नेहसंमेलन आठवलं. ‘गटात पहिला’ वेगळा आणि जनरल चॅम्पियनशिप वेगळी, हे चौथीतल्या पोरालाही कळायचं. तिथल्या तिथे ग्लॉसरीसाठी ‘गटात अव्वल’ सुचवायला मेल लिहायला घेतला आणि हात थांबला. साखर कारखान्याच्या संचालकांपुढे ‘गट’? कोणाचा, हेच आधी विचारतील.

मेल अजून ड्राफ्टमध्येच आहे.