तुम्ही विचारलंत म्हणून : "गाडीला काही झालं नाही हो!"

बडोद्यात जुन्या मोटारीशेजारी पाच मिनिटं उभं राहिलं की कोणी ना कोणी येतंच, आणि आधी बॉनेटवर टकटक करतं. "जुओ, आ लोखंड छे, लोखंड!" मग शेजारच्या नव्या गाडीच्या दारावर अंगठा दाबून दाखवतं, "अने आ? पतरुं!" जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारात जुन्या मोटारींचा मोठा मेळा भरला होता. तिथं एका सकाळी हे मी चार वेळा ऐकलं. गाड्यांना हात लावायची मुभा नव्हती, म्हणून लोक लांबूनच हवेत टकटक करत होते.

आणि मग माझ्याकडे वळून तो प्रश्न. मी तीस वर्षं विम्याच्या कामात मोटार सर्व्हेअर होतो, म्हणजे ठोकलेल्या गाड्या बघणं हाच माझा धंदा. शिवाय घरी १९७९ची प्रीमियर पद्मिनी मोटार आहे, अजून चालती. त्यामुळे डांडिया बाजारातल्या आतेभावापासून सेव-उसळीच्या गाडीवरच्या अनोळखी माणसापर्यंत सगळे विचारतात: "काका, खरं सांगा, जुन्या गाड्या दणकट होत्या ना? मग आजच्या या पापडांना सुरक्षित कसं म्हणता?"

सांगतो. पण आधी कबूल करतो की पहिली दहा-बारा वर्षं मीही तुमच्याच बाजूचा होतो.

त्याला कारण माझा फॉर्म. बंपर, ग्रिल, रेडिएटर, बॉनेट, मडगार्ड, क्रॉस मेंबर अशी खाली खाली जाणारी यादी. प्रत्येकापुढे लिहायचं: बदलायचा की ठोकून सरळ करायचा, मजुरी किती, घसारा (वापरानं घटलेल्या किमतीची कपात) किती. माणसांसाठी अगदी तळाला एक ओळ होती, 'इजा, असल्यास'. तिथं आकडा भरायचा नसे, त्यामुळे माझं पेनही तिथं रेंगाळत नसे. जुन्या गाडीचा खर्च कमी निघायचा, नव्याचा जास्त. माझ्या कागदावर जुनी गाडी रोज जिंकत होती.

नव्वदच्या दशकात एकदा हायवेलगतच्या एका गॅरेजमध्ये सर्व्हेला गेलो. जुन्या घडणीची गाडी, रात्री लिंबाच्या झाडावर गेलेली. बंपर वाकलेला, एक हेडलाइट फुटलेला, रेडिएटर गळत होता. चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, सरळ. मिस्त्री खूश होता. "साहेब, गाडीला काही झालं नाही हो. दोन दिवसांत रस्त्यावर." मी यादी भरली आणि सवयीनं आत डोकावलो. स्टिअरिंगच्या चाकाची वरची कड पुढे दुमडलेली होती. पत्र्याच्या डॅशबोर्डला एक खळगा पडला होता, साधारण नारळाएवढा. तळाच्या ओळीत मी लिहिलं, 'चालक मयत'. त्याच कागदावर वर लिहिलं होतं, 'किरकोळ दुरुस्ती'. त्या दिवशी तो कागद मी गाडीत बसून बराच वेळ बघत राहिलो.

झाड हललं नाही, गाडीही फारशी चेपली नाही. मग धक्का गेला कुठं?

कुस्तीचा हौदा तुम्ही बघितला असेल. तांबडी माती खणून, चाळून, तेल-ताक घालून भुसभुशीत ठेवतात. प्रोफेसर माणिकरावांच्या व्यायाममंदिराच्या आसपास वाढलेल्या आमच्यासारख्या पोरांना हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही: पैलवानाला उचलून आपटलं तरी तो माती झटकत उठतो, आणि तोच पैलवान घरी न्हाणीघरात फरशीवर घसरला तर महिनाभर प्लॅस्टरमध्ये. फरशी जागची हलत नाही, माती चार बोटं दबते. सगळा फरक त्या चार बोटांचा.

आता याचा हिशोब करू, फार अवघड नाही. ताशी ५० किलोमीटरने जाणारं शरीर ६० सेंटिमीटर अंतर घेऊन थांबलं, तर त्यावर येणारा जोर वजनाच्या सरासरी १६ पट होतो. साठ किलोच्या माणसाला क्षणभर एका टनाचा दाब. पट्ट्यात बांधलेला धडधाकट माणूस तेवढं सोसतो. तेच शरीर स्टिअरिंगवर आपटून ५ सेंटिमीटरमध्ये थांबलं, तर जोर जवळजवळ २०० पट, म्हणजे बारा टन. आणि जुन्या गाडीत नेमकं हेच व्हायचं. गाडी झाडाला टेकून थांबायची, पण आत मोकळा बसलेला माणूस मात्र त्याच पन्नासच्या वेगानं पुढे जात राहायचा, समोरचं काही तरी लागेपर्यंत. बहुतेक गाड्यांत ते 'काही तरी' म्हणजे स्टिअरिंगचा दांडा. समोरच्या स्टिअरिंग बॉक्सपासून सरळ छातीकडे रोखलेली अखंड पोलादी सळई. नाक मागे सरकलं की भाला मागे. धक्का बसताच स्वतःत मिटणारा दांडा जनरल मोटर्सनं १९६७च्या मॉडेलांत आणला, तोवर हा भाला जगभर बहुतेकांच्या पुढ्यात होता.

दारांचंही तेच. आपल्याकडे जिला 'डुक्कर फियाट' म्हणत त्या पन्नाशीतल्या गाडीची पुढची दारं उलटी, मागच्या बिजागरीवर उघडायची. साडीतल्या बायकांना चढा-उतरायला फार सोयीची, म्हणून आमच्या आजीला ती आवडायची. पण चालत्या गाडीत कडी सुटली की वारा ते दार मिटवत नाही, आणखी उघडतो.

गाडीचं नाक मुद्दाम मऊ ठेवायचं आणि बसायची जागा तेवढी कडक करायची, हे सुचलं बेला बारेनी नावाच्या मर्सिडीजच्या इंजिनिअरला. पेटंटचा अर्ज १९५१चा, प्रत्यक्ष गाडी आली १९५९ मध्ये. मजा म्हणजे त्याच १९५९ मध्ये व्होल्वोच्या निल्स बोलिननं खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा तीन टोकांचा पट्टा बसवला. हा बोलिन आधी विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्च्या बनवायचा, म्हणजे माणसाला उडवण्याचं काम सोडून बांधून ठेवण्याच्या कामाला लागला. व्होल्वोनं ते पेटंट इतर कंपन्यांनाही वापरू दिलं. माझ्या मते मोटारीच्या इतिहासात एवढं दानशूर कृत्य दुसरं नाही.

तुमच्या प्रश्नाची परीक्षा कोणी प्रत्यक्ष घेतली का? घेतली. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी, रस्तासुरक्षेचं काम करणारी एक संस्था आहे, तीही १९५९चीच. पन्नाशीनिमित्त २००९ मध्ये त्यांनी १९५९ची शेव्हर्ले बेल एअर आणि २००९ची शेव्हर्ले मालिबू समोरासमोर ठोकल्या, दोन्ही ताशी ६४ किलोमीटरने, निम्म्या तोंडावर. बेल एअर म्हणजे क्रोमनं मढवलेली, पंख असलेली, बघताच मान लवावी अशी लांबलचक गाडी. तिचा पुढचा खांब मोडला, डॅशबोर्ड आणि स्टिअरिंग चालकाच्या जागेत घुसलं. आत खरा माणूस असता तर वाचला नसता. मालिबूचं नाक पूर्ण गेलं, पण बसायची चौकट शाबूत, आणि चालकाच्या जागी बसवलेल्या पुतळ्याच्या पायाला थोडीफार इजा. ती चित्रफीत मी जुन्या गाड्यांच्या वेडापायी पहिल्यांदा पाहिली तेव्हा, खोटं कशाला बोलू, आधी वाईट वाटलं ते बेल एअरचं.

ताशी ६४ म्हणजे किती, याचा अंदाज आपल्याला नसतो, कारण गाडीत बसल्यावर तो वेग संथ वाटतो. सोळा मीटर उंचीवरून, म्हणजे पाचव्या मजल्यावरून खाली पडल्यावर जमिनीला जेवढ्या वेगानं टेकाल, तेवढा.

तुम्ही अंगठ्यानं दाबून बघता ते दार म्हणजे गाडीचा सदरा. बरगड्या आत आहेत. खांबांना तापवून दाबलेलं बोरॉन पोलाद वापरतात, ते साध्या पत्र्यापेक्षा कित्येक पट चिवट. आणि बॉनेट मऊ असतं ते कंजूषपणानं नाही. रस्त्यावरून चालणाऱ्याचं डोकं त्यावर आपटलं तर थोडं दबावं म्हणून. आमच्या पद्मिनीच्या बॉनेटनं तसला विचार कधी केलेला नाही.

पण नवी म्हणजे सुरक्षित असंही समजू नका. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपनं, म्हणजे गाड्या ठोकून त्यांना सुरक्षेचे शून्य ते पाच तारे देणाऱ्या संस्थेनं, आपल्याकडच्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या याच ६४च्या वेगानं ठोकून पाहिल्या, एअरबॅग नसलेल्या, तेव्हा पाचही शून्यावर बाद. त्यातल्या फोक्सवॅगन पोलोचा सांगाडा धडधाकट टिकला होता, तरी शून्य. दोन एअरबॅग असलेल्या त्याच पोलोला चार तारे. चौकट आणि उशी, दोन्ही लागतात. आपल्याकडे पुढच्या सीटचे पट्टे गाडीतच बसवून देणं १९९४ मध्ये सक्तीचं झालं. चालकाची एअरबॅग सक्तीची व्हायला १ जुलै २०१९ उजाडला. मधली पंचवीस वर्षं मी ठोकलेल्या गाड्या मोजत होतो, त्यामुळे याबद्दल जास्त बोललो तर तोंड कडू होईल. टाटा नेक्सॉनला डिसेंबर २०१८ मध्ये पाच तारे मिळाले तेव्हा पहिल्यांदा लोक शोरूममध्ये ॲव्हरेजच्या आधी तारे विचारायला लागले. ऑक्टोबर २०२३पासून भारत एनकॅप आपल्याच देशात ही परीक्षा घेतं.

आणि तरी लोखंडाची हौस जात नाही. नवी पाच ताऱ्यांची गाडी घेतात आणि दुसऱ्या दिवशी मकरपुऱ्यात नेऊन पुढे बुलगार्ड, म्हणजे जाड पाइपाचं कुंपण, ठोकून आणतात. सरकारनं २०१७ मध्ये मनाई केली आहे, कोण ऐकतो! तो पाइप थेट चेसिसला बोल्ट केलेला. धक्का चेपणाऱ्या भागाला वळसा घालून सरळ आत, आणि एअरबॅग कधी उघडायची याचा सेन्सरचा हिशोबही चुकतो. हौद्यात फरशी बसवल्यासारखं आहे ते.

मागच्या सीटबद्दल तर मी भांडलोच आहे माझ्या सख्ख्या मेव्हण्याशी. "मागे कशाला पट्टा, पुढे सीट आहे की!" सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्याच या अहमदाबाद-मुंबई हायवेवर, पालघरजवळ, सायरस मिस्त्री गेले. गाडी आधुनिक, महागडी. पुलाच्या कठड्यावर आदळली. पुढचे दोघं वाचले, मागे बसलेल्या दोघांनी पट्टा लावला नव्हता, ते दोघंही गेले. मेव्हण्याला एवढंच सांगितलं. करजण टोल येईपर्यंत तो गप्प होता. मग मागून खटकन आवाज आला.

राहिली तक्रार खर्चाची. "जरा कुठं ठोकली की कंपनी टोटल लॉस म्हणते!" म्हणते खरी. दुरुस्ती विमा उतरवलेल्या किमतीच्या पाऊणपटीच्या वर गेली की गाडी तशी भंगारात गेल्यातच जमा, आणि एअरबॅगा उघडल्या, बीम चेपले की तिथवर पोचायला वेळ लागत नाही. वर आमच्या घसाऱ्याच्या तक्त्यात एअरबॅग रबर-प्लॅस्टिकच्या रांगेत, सरळ पन्नास टक्के कापायची. आयुष्यात एकदाच, सेकंदाच्या तिसाव्या हिश्शात काम करून संपणाऱ्या वस्तूला टायर-ट्यूबच्या पंगतीत बसवणाऱ्याला मी कधी तरी भेटू इच्छितो. भाच्याची गाडी अशीच गेली, दुमाड चौकडीला. चार जणांपैकी एकाला खांद्यावर पट्ट्याचा निळा वळ, बाकीच्यांना तेवढंही नाही. भाचा फोनवर हप्त्यांसाठी रडत होता. मी म्हटलं, रड, काही हरकत नाही.

मग पद्मिनी का ठेवलीय, हा तुमचा पुढचा प्रश्न मला ठाऊक आहे. वडिलांची आहे, हँड गिअर अजून लोण्यासारखा पडतो आणि मला ती आवडते. पण हायवेला नेत नाही. रविवारी सकाळी रस्ते मोकळे असताना रावपुऱ्यातून कमाटीबागेपर्यंत, पस्तीस-चाळीसच्या वर नाही, आणि नातवंडं त्यात बसत नाहीत, कितीही हट्ट केला तरी. फक्त आम्ही दोघं. सौभाग्यवती बसल्या बसल्या दर वेळी उजव्या हातानं डाव्या खांद्यामागे चाचपतात, तिथं काहीच लागत नाही, मग तो हात पर्सवर ठेवतात आणि म्हणतात, "हळू हं."