तुम्ही विचारलंत म्हणून: इतकी नावं ठेवता, तर बघता कशाला?

हळदीकुंकवाला विचारलंत, लग्नात पंगतीत वाढता वाढता विचारलंत, गेल्या महिन्यात तर सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाला हात धुताना विचारलंत. मालिकांना एवढी नावं ठेवता, मग रोज बघता कशाला? आणि त्याच दमात, भुताच्या सिनेमात कसलं आलंय लॉजिक? दरवेळी मी "सवय हो" म्हणून हसते आणि विषय बदलते. भाचा तर सरळच म्हणतो, "काकू, जबरन बघून राहिली ना तू?" (आमची इंदुरी मराठी अशीच, पुण्याच्या पाहुण्यांनी कान झाकावेत.) तर आता एकदाचं लिहूनच टाकते, पुढच्या वेळी नुसतं पाठवून देईन.

पहिली गोष्ट, मी नावं ठेवत नाही.

बरं, ठेवते. पण ही खोड मला टीव्हीनेच लावली. 1984 ला 'हम लोग' लागायचं तेव्हा मी दहा वर्षांची होते, रामबागेतल्या आमच्या वाड्यात एकच टीव्ही आणि समोर तीन बिऱ्हाडांची माणसं. एपिसोड संपला की अशोककुमार, म्हणजे सिनेमावाल्यांचे दादामुनी, यायचे आणि कोण कसं वागलं, आता काय होईल, त्यावर बोलायचे. मला गोष्टीपेक्षा ते आवडायचं. म्हणजे गोष्ट बघायची आणि मग त्यातल्या माणसांचा हिशेब मांडायचा, हे जोडीनेच डोक्यात बसलं. आजही मी तोंड उघडलं की आमचे हे म्हणतात, "आले बघा दादामुनी."

आणि ज्यांना नावं ठेवते त्यांचे हाल मला कळत नाहीत असं समजू नका. आठवड्याला 6 एपिसोड, जाहिराती वगळून साधारण 22 मिनिटांचा एक, म्हणजे 132 मिनिटं. दर आठवड्याला एक अख्खा सिनेमा लिहायचा, त्यात कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, गुरुवारी टीआरपी आला की ठरवलेलं सगळं उलटंपालटं, एखाद्या नटाला ताप आला तर त्याचं पात्र अचानक नाशिकला जातं. ह्यात कोणाच्या हातून काही चांगलं निघतं हाच चमत्कार आहे. हे मान्य करूनसुद्धा मी म्हणेन की दाराआडून अर्धवट ऐकून घर सोडून जाणारी बाई मला 2025 मध्ये नको आहे. पूर्ण ऐक ना बाई. आणि जी सून मागच्या महिन्यात बँकेतला घोटाळा पकडते तीच ह्या महिन्यात दिराने दिलेल्या कोऱ्या कागदावर सही करते. मी एकोणतीस वर्षं बँकेत काढली, माझं रक्त तापतं.

मरण हा तर विषयच निराळा. 'क्योंकि सास भी कभी बहू थी' 2000 साली सुरू झाली, त्यातल्या नायकाला, मिहीरला, मारलं तेव्हा लोकांनी एवढा गोंधळ घातला की त्याला परत आणावं लागलं. मीही रडले होते, लग्नाला वर्ष पण झालं नव्हतं. पण तो परत आला आणि काहीतरी कायमचं बिघडलं. पुढे कुठल्याही मालिकेत कोणी गेलं की सासूबाई भाजी निवडता निवडता मान वर न करता विचारायच्या, "बॉडी दाखवली का?"

आता भुतांचं. सगळे म्हणतात हॉरर म्हणजे मूर्खपणा, ती बाई एकटी तळघरात जातेच कशाला. अहो, तळघरात जाणं ही चूक नाहीच. आपण नाही जात? रात्री दोनला स्वयंपाकघरात भांडं पडलं की उठतोच ना, गॅस बघतो, मांजर शिरलं का बघतो, तेही दिवा न लावता, कारण दुसऱ्याची झोप मोडेल. माणसं तळघरात जातात. फक्त ही बाई का गेली ते लिहिणाऱ्याला माहीत हवं. माहीत असेल तर मी तिच्या मागून जाते, नसेल तर मी चहा ठेवायला उठते. एवढंच माझं लॉजिक.

'रात्रीस खेळ चाले' घ्या. 2016 च्या पहिल्या भागात अण्णा सुरुवातीलाच मेलेले. 2019 मध्ये दुसरा भाग काढला तो मागे जाऊन, अण्णा जिवंत असतानाचा. म्हणजे ह्या माणसाचं शेवटी काय होणार हे घरातल्या पोरांनासुद्धा ठाऊक, तरी रात्री साडेदहाला सगळे जागे. का? कारण तो माणूस कोणाला काय बोलेल, कोणाची जमीन लाटेल, कोणाकडे कसा बघेल ह्याचीच भीती होती. भूत नंतरचं. हे मी लोकांना इतक्या वेळा ऐकवलंय की आमच्या गल्लीत मला बघून पोरं अण्णांसारखी मान वाकडी करतात.

आणि 'तुंबाड'. 2018 ला आला तेव्हा फार चालला नाही, 2024 ला परत लावला तर पहिल्यापेक्षा जास्त कमाई करून गेला. मी पहिल्या आठवड्यात बघितला होता आणि कित्येक महिने एकच टुमणं लावलं होतं, पिठाची बाहुली, पिठाची बाहुली. त्यातला राक्षस हस्तर अन्नासाठी भुकेला, म्हणून त्याच्याकडे खाली उतरताना नायक विनायक पिठाची बाहुली नेतो, तो ती खात असताना मोहरा लाटतो. राक्षसाला फसवायला तलवार नाही, मंत्र नाही, स्वयंपाकघरातलं पीठ. ह्याला म्हणतात लेखन, असं मी ज्याला त्याला सांगत सुटले होते. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

कारण ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसले ती आता सांगते. काहीजण तिथे होतात, पण तुम्ही अर्धीच बघितलीत.

जानेवारी 2019, राजवाड्याच्या मागच्या बाजूच्या एका हॉलमध्ये एकांकिका स्पर्धा. मंडळाचं नाव नको. तीन परीक्षक, त्यात एक मी, कारण कधीकाळी बँकेच्या नाटकात कामं केली होती आणि फार बोलते. सात एकांकिका. पाचवी एका मुलीने लिहिलेली, असेल एकोणीस-वीस वर्षांची. भुताचीच होती. मधल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली सासू, आपल्याला दिसत नाही, विंगेतून फक्त तिचा घरघरता श्वास ऐकू येतो. पुढे ओट्याशी सून कणीक मळतेय. श्वास थांबतो. सून हात थांबवते, ऐकते. आणि परत मळायला लागते. पूर्ण गोळा होईपर्यंत मळते, तेलाचा हात फिरवते, वाटी पालथी घालते, गोळा पुठ्ठ्याच्या फ्रीजमध्ये ठेवते, हात धुते, पुसते, मग आत जाते. एक-दीड मिनिट असेल, एक शब्द नाही. त्यानंतर मात्र हिरवा लाइट, उदबत्त्यांचा धूर आणि पांढऱ्या साडीतली सासू हातवारे करत आली, ती शेवटपर्यंत गेलीच नाही.

परीक्षकांचं मनोगत म्हणून माझ्या हातात माइक दिला. मी म्हटलं, "घरात माणूस गेल्यावर चूल पेटत नाही, एवढंही लेखिकेला ठाऊक नसावं. कोणती बाई असं वागेल? लेखिकेला वाटतं भूत दुसऱ्या प्रवेशात येतं, मला तर वाटतं ते पहिल्यापासून ओट्याशी कणीक मळत होतं." हॉल हसला. असा हसला की मागच्या खुर्च्यांवरचे उठून बघायला लागले. मी थांबले नाही, हसू ओसरायची वाट बघितली आणि आणखी एक वाक्य टाकलं. ते काय होतं आता आठवत नाही, पण टाकलं होतं हे आठवतं.

चहाच्या टेबलाशी एक बाई आल्या. फिकट निळा स्वेटर, हातात कागदी कप, त्याची कड नखाने सोलत होत्या. म्हणाल्या, "ताई, उघडा ठेवला असता तर काळा पडला असता हो."

मला कळेचना. मी म्हटलं, "काय काळं पडलं असतं?"

"गोळा. कणकेचा." मग थोड्या वेळाने, "सासूबाईंना वाया गेलेलं चालायचं नाही."

तेव्हा कुठे उजेड पडला. त्या तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. सगळा हॉल हसला तेव्हा आजूबाजूचे त्यांना ओळखणारे हसले की नाही, देव जाणे. मी सॉरी म्हणायच्या ऐवजी, बघा माझं, विचारलं, "मग काय केलंत त्याचं?"

"काय करणार. राहिला तिथेच. तेरावं झाल्यावर फ्रीज पुसायला काढला तेव्हा दिसला." त्या जराशा हसल्या. "पोरगी सातवीत होती. ओट्याशीच उभी होती माझ्या." मग कोणीतरी त्यांना हाक मारली आणि त्या गेल्या.

आता खरं सांगते, नाहीतर हे लिहायचा काही उपयोग नाही. त्या क्षणी मला लाज वाटली, वाटलीच, पण लाजेच्याही आधी, अगदी अर्ध्या सेकंदाने आधी, डोक्यात आलं की हे नाटकात का नव्हतं? तेरा दिवस फ्रीजमध्ये काळा पडत चाललेला तो गोळा, घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांची गर्दी, दूध काढायला दहादा उघडझाप आणि कोणी त्याला हात लावत नाही. भूत तर तिथे होतं. आणि ही मुलगी हिरवा लाइट घेऊन बसली.

रात्री आम्ही तिघे परीक्षक सराफ्यात, आमच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, गेलो. गराडूचे दिवस, तो तळलेला कंद गरम गरम मसाला भुरभुरवून समोर आला आणि आमच्यातले एकजण म्हणाले, "काय बोललात पण तुम्ही, भूत ओट्याशी कणीक मळत होतं!" आणि मी हसले. सगळं कळलेलं असून. हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही, ह्यांनाही नाही.

तेव्हापासून मी आतल्या आत भांडतेय. एक मी म्हणते, बाई गं, पिठाच्या बाहुलीचे गोडवे गात इंदूरभर फिरलीस आणि समोर जिवंत कणीक मळली जात होती तर तुला दिसली नाही? मोठ्या पडद्यावर असतं म्हणजे लेखन, आणि मंडळाच्या स्टेजवर असतं म्हणजे चूक? दुसरी मी म्हणते, थांब. घडलं म्हणून ते पटेलच असं कुठे आहे. घडतं ते काहीही घडतं, पटवायचं काम लिहिणाऱ्याचं. त्या मुलीने सगळं ठेवलं आणि एकच गोष्ट काढून टाकली, ओट्याशी उभी असलेली सातवीतली पोरगी. ती असती तर तिच्या चेहऱ्याकडे बघून आम्हाला कळलं असतं हे काय चाललंय. तिने स्वतःला काढलं आणि बघायचं काम प्रेक्षकांवर टाकलं, आणि प्रेक्षकांत मी होते.

हे माझं म्हणणं बरोबर आहे असं मला वाटतं. आणि हे मी स्वतःच्या सोयीसाठी शोधून काढलंय असंही वाटतं. दोन्ही वाटतं, काय करू.

त्यामुळे "असं कोणी वागतं का" हे वाक्य मी सोडलं असं सांगायला आवडलं असतं. नाही सोडलं. परवाच एका मालिकेत नवऱ्याच्या अपघाताचा फोन आल्यावर बायको खाली पडलेल्या टिकल्या गोळा करत बसली, आणि मी म्हटलंच, "असं कोणी वागतं का", आणि मग एकदम गप्प झाले. ह्यांनी विचारलं काय झालं. मी म्हटलं काही नाही, बघू पुढे. पुढे अर्थातच तिला फोन करणारी सवतच निघाली आणि टिकल्यांचा कशाशी काही संबंध नव्हता, त्या नुसत्या बॅकग्राउंड म्युझिकसाठी पडल्या होत्या. पण ती पाच मिनिटं मी बसले होते ना. तर बघते ती ह्याच्यासाठी. एखाद्या वेळी त्या टिकल्या खऱ्या निघतील.

ती मुलगी पुढे लिहिते का, मला माहीत नाही. चौकशी करता आली असती, इंदूर काही एवढं मोठं नाही आणि मराठी इंदूर तर त्याहून लहान. हिंमत झाली नाही.

त्या दिवशीचा गुणांचा तक्ता झेरॉक्स करून घेतला होता, बँकेची सवय. अभिनय 6, प्रकाशयोजना 3, लेखन 10 पैकी 4. मध्ये एकदा ह्यांना नाव न सांगता एकांकिकेची गोष्ट सांगितली तर म्हणाले, "आठ दे ना तिला, तुझ्या बापाचं काय जातं?" मी पेन घेऊन बसले होते. पाच. फार तर साडेपाच. हिरवा लाइट नको होता तो.