तुम्ही विचारलंत म्हणून : अंधगृहाचे जुने दप्तर कशासाठी जपायचे?

एका धर्मादाय अंधगृहाचे जुने दप्तर लावण्याचे काम मी काही वर्षांपासून करतो आहे, आणि हे कळले की बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात : दृष्टिहीन माणसे आता शिकतात, नोकऱ्या करतात, आपापल्या घरी राहतात, मग त्यांना चार भिंतींत सांभाळणाऱ्या संस्थेचा वारसा जपायचा तरी कशासाठी? प्रश्न रास्त आहे. विचारणाऱ्याच्या मनात वारसा म्हणजे कोनशिला, देणगीदारांची तैलचित्रे आणि शताब्दीची स्मरणिका असते. तेवढेच जपायचे असेल तर हे काम मीही उद्या सोडून देईन.

अशा घरांचा इतिहास बराच मागे जातो. फ्रान्सचा राजा नववा लुई याने 1260च्या सुमारास पॅरिसमध्ये तीनशे अंधांसाठी एक घर काढले. त्याचे नाव ‘कँझ-व्हँ’, म्हणजे ‘पंधरा वीस’; आपल्या मोजणीत सांगायचे तर पंधरा कोडी. धर्मयुद्धात शत्रूने डोळे काढलेल्या तीनशे सरदारांसाठी राजाने ते बांधले, अशी कथा पुढे कित्येक शतके सांगितली गेली. इतिहासकार ती मानत नाहीत. दात्यांना आश्रित वीरपुरुष असलेला अधिक आवडतो, एवढाच तिचा अर्थ असावा. प्रत्यक्षात तेथे राहणारी माणसे शहरातली गरीब माणसे होती. ती अंगरख्यावर राजचिन्ह लावून भिक्षेसाठी बाहेर पडत. त्यांच्यात लग्न झालेली जोडपी होती, वाट दाखवणारे डोळस सोबती तेथेच राहत, आणि घराच्या कारभारात निवाशांनाही बोलण्याचा अधिकार होता. आश्रय आणि भीक एकाच छपराखाली नांदत होती, आणि त्या दोहोंच्या मधोमध थोडासा अधिकारही.

पुढे 1771 मध्ये पॅरिसच्या एका जत्रेत याच घरातल्या काही अंधांना विदूषकी टोप्या आणि पुठ्ठ्याचे भलेमोठे चष्मे घालून, समोर स्वरलिपीचे कागद मांडून, बेसूर वाद्ये वाजवायला बसवलेले व्हालांतँ आउई या फ्रेंच गृहस्थाने पाहिले. लोक हसत होते. त्या दृश्याने अस्वस्थ झालेल्या आउईने 1785च्या सुमारास अंध मुलांची शाळा सुरू केली आणि त्यांच्यासाठी कागदावर नेहमीची अक्षरे उठावात छापून घेतली. पुस्तके अवजड झाली, वाचन संथ होई, तरी वाचता येत होते. मात्र लिहिता येत नव्हते. डोळस माणसाला सोयीचे वाटेल तेच अंधाला सोयीचे असणार, असे गृहीत धरलेले होते, आणि या एका गृहीतकावर किती संस्था किती वर्षे चालल्या याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

लुई ब्रेल 1819 मध्ये, दहाव्या वर्षी, त्या शाळेत दाखल झाला. शार्ल बार्बिए या माजी सैनिकी अधिकाऱ्याची बारा ठिपक्यांची लेखनपद्धती शाळेत आली, तेव्हा एका बोटाच्या पेराखाली बारा ठिपके मावत नाहीत हे ब्रेलच्या बोटाला कळले, आणि 1824 पर्यंत त्याने ते सहावर आणले. सहा ठिपक्यांतून 63 चिन्हे होतात. अक्षरे, अंक, विरामचिन्हे, संगीतसुद्धा. तरीही पुढे शाळेच्या एका संचालकाने या लिपीवर बंदी घातली. मुलांनी ती चोरून चालू ठेवली. अधिकृत मान्यता 1854 मध्ये मिळाली, म्हणजे ब्रेल गेल्यानंतर दोन वर्षांनी.

हे सगळे सांगण्याचे कारण असे की माझ्यासमोरच्या दप्तरातही दोन प्रकारचे कागद आहेत. शाईने लिहिलेल्या नोंदवह्या कार्यालयाच्या : कोण कधी दाखल झाला, कोणी किती देणगी दिली, धान्य किती आले. दुसरा एक गठ्ठा जाड, पिवळट, टोचलेल्या कागदांचा. कार्यालयात तो कोणालाच वाचता येत नसल्यामुळे ‘कोरे, खराब’ अशी चिठ्ठी लावून रद्दीत काढलेला होता. ब्रेल पाटीवर लिहिताना टोचणी उजवीकडून डावीकडे चालवावी लागते आणि अक्षर उलटे टोचावे लागते, कारण वाचायचे असते ते कागद पालटून, उठलेल्या बाजूने. त्या गठ्ठ्यातली पाने आमच्या हाती पालथी आली होती. खड्डे वर, ठिपके खाली.

घरातल्या एका वयोवृद्ध निवाशांना मी ती पाने सुलटी करून दिली. त्यांनी उजव्या तर्जनीने पहिली ओळ पुसल्यासारखी चाचपली आणि म्हणाले, “हा खुर्च्यांचा हिशेब आहे.” वेताच्या खुर्च्या विणणाऱ्यांनी तो आपापसांत ठेवला होता : कोणी किती बैठका विणल्या, किती दिवस लागले, हातात काय पडले. त्याच काळातील कार्यालयाच्या वहीत खुर्च्यांची विक्री ‘संस्थेचे उत्पन्न’ या एका ओळीत आटोपलेली आहे आणि विणणाऱ्यांचा उल्लेख ‘लाभार्थी’ असा आहे. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत. पहिली वाचली नसती तर घर चालवण्यात राहणाऱ्यांच्या हातांचा वाटा किती होता, हे दुसरीवरून कधीच कळले नसते, आणि मी जपतो आहे ते हेच.

ब्रेलचे कागद उभे ठेवायचे असतात, एकावर एक रचायचे नसतात. हा गठ्ठा मात्र वर्षानुवर्षे देणगीच्या जाड वह्यांखाली पडून होता आणि कडेचे ठिपके बसून गेले होते. ब्रेलमध्ये 1 आणि 2 यांत एकाच खालच्या ठिपक्याचा फरक असतो. एका नावापुढे आजोबांचे बोट तीनदा मागे गेले, त्यांनी नखानेही चाचपून पाहिले, आणि अखेर मान हलवली. आम्ही तेथे ‘1 किंवा 2 खुर्च्या’ असे लिहून पुढच्या नावाकडे वळलो.