भावासाठी निवासी संस्था शोधताना आलेला अनुभव

माझ्या धाकट्या भावाला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतील दोषामुळे शरीराच्या हालचालींवर नीट ताबा नसण्याची अवस्था, आहे; त्याच्या जोडीला बौद्धिक दिव्यांगत्व आणि फिट्सचा त्रास आहे. त्याचे सगळे आईने वर्षानुवर्षे एकहाती केले. पण तिची कंबर धरू लागली आणि अंगाने भरलेल्या तरुण मुलाला पलंगावरून उचलून व्हीलचेअरमध्ये बसवणे तिला झेपेनासे झाले, तेव्हा आम्ही निवासी संस्थेचा विचार सुरू केला. ‘पोराला बाहेर ठेवणार?’ असे पंचवटीतल्या नातेवाइकांनी विचारलेच. आईनंतर त्याचे कोण करणार, याचे उत्तर मात्र त्यांच्यापैकी कोणाकडेच नव्हते.

शाळेच्या वयातल्या मुलांसाठी निवासी विशेष शाळा तरी आहेत; वयाची १८ वर्षे उलटली की सोय एकदम विरळ होते. नाशिकमध्ये आणि आसपास चौकशी केली तेव्हा ‘स्वतःच्या हाताने जेवतो का, शी-शू सांगतो का?’ हा प्रश्न जवळजवळ सगळीकडे पहिला आला, आणि नाही म्हटल्यावर बोलणे तिथेच थांबले. ज्यांना आधाराची सर्वाधिक गरज, त्यांनाच दार बंद, हे मला आजही मान्य नाही.

मधल्या काळात कागदपत्रे केली. सिव्हिल हॉस्पिटलच्या तपासणीनंतर त्याचे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र, झाले. मूल १८ वर्षांचे झाले की आईवडीलसुद्धा आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत, हे बऱ्याच घरांना माहीत नसते. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार स्थानीय स्तर समिती पालक नेमते. त्या समितीत जिल्हाधिकाऱ्यांबरोबर नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. आईच्या संमतीने त्याची पालक होण्यासाठीचा अर्ज मी केला. त्याच न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो आणि त्यासाठी आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही, म्हणून तोही उतरवून घेतला.

अखेर एका संस्थेने त्याला प्रत्यक्ष पाहायचे कबूल केले. त्या भेटीसाठी आईने सांगितले तसे मी त्याच्या दिनक्रमाचे टिपण लिहून काढले होते. भरवताना पाठ सरळ आणि हनुवटी किंचित खाली हवी, मान मागे गेली की घास श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. पाणी पातळ चालत नाही, ठसका लागतो, म्हणून पेजेसारखे दाट करून चमच्याने द्यायचे. जेवणानंतर अर्धा तास आडवे करायचे नाही. फिट आली तर कुशीवर वळवायचे, तोंडात काहीही घालायचे नाही, घड्याळ पाहायचे आणि पाच मिनिटांवर गेली तर डॉक्टरांनी लिहून दिलेला नाकात मारायचा स्प्रे देऊन लगेच दवाखान्यात हलवायचे. तिथल्या ताईंनी ते टिपण मोठ्याने वाचले, मध्येमध्ये थांबून आईला विचारले आणि मग स्वतः त्याला चार चमचे पेज भरवून पाहिली. आईचा जीव तिथे भांड्यात पडला.

मी मात्र रात्रीबद्दल विचारत राहिले. दिवसा सगळीकडे माणसे असतात. त्याला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात, आणि फिट्स त्याला बहुतेक झोपेतच येतात. रात्रपाळीला किती मावशी असतात, त्या जाग्या असतात की तिथेच झोपतात, कूस बदलल्याची वेळ वहीत लिहिली जाते का, रात्री गाडी मिळते का, हे विचारताना मी संकोच केला नाही आणि इतर पालकांनीही करू नये. त्यांनी रात्रीची वही माझ्यापुढे ठेवली. रंगवलेल्या भिंती आणि बाग यांपेक्षा मला ती वही महत्त्वाची वाटली.

आधी थोड्या दिवसांसाठी आणि मग कायमचा, असा त्याचा प्रवेश झाला. पहिले काही दिवस तो नीट जेवला नाही. आई शेजारी बसून मावशींना त्याची लकब दाखवत राहिली, तेव्हा हळूहळू रुळला. आता आई ठरलेल्या दिवशी जाते, त्याला स्वतः भरवते आणि वहीही चाळते. माझ्याकडे पालक म्हणूनचे काम आहे: नेमणुकीपासून सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी द्यायची होती, ती दिली, दरवर्षीचा हिशेब आर्थिक वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांत सादर करावा लागतो, त्यासाठी त्याच्या औषधांच्या पावत्या मी वेगळ्या फायलीत लावून ठेवते.