ओटीचं वजन

सुवर्णमहोत्सवाचं निमंत्रण मोबाइलवर आलं आणि डोळ्यांपुढे उभी राहिली ती घंटेशेजारची ड्रॉइंगची खोली. शाळेबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मी आपल्या ड्रॉइंगच्या सरांबद्दलच लिहितो.

इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली तेव्हा सर घरी आले. बाबांना म्हणाले, "याला नागपूरला चित्रकलेला पाठवा. मोठे चित्रकार रझा तिथंच शिकले." मग रोज शाळा सुटल्यावर पोर्टफोलिओची तयारी सुरू झाली. स्थिरचित्रं, हातापायांचे अभ्यास, बाजाराच्या दिवशी बसस्टँडवरची स्केचेस, आणि दर शनिवारी एक मोठा चित्रकार. रेम्ब्रांटचा उजेड, रविवर्म्याच्या साड्या, अमृता शेरगिलच्या 'तीन मुली', सगळं झेरॉक्सवर, काळंपांढरं. मी कुरकुरलो तेव्हा सरांनी सांगितलं, की व्हॅन गॉगनं १८८९-९० मध्ये सेंट रेमीच्या रुग्णालयात मिले या फ्रेंच चित्रकाराची वीसेक चित्रं अशाच काळ्यापांढऱ्या छापांवरून रंगवली. रंग त्याचे स्वतःचे.

मग मिलेच आला. १८५७ चं 'ग्लीनर्स'. सुगी झालेल्या शेतात पडलेली कणसं वेचणाऱ्या तीन बाया. ते चित्र मी तीनदा उतरवलं. सर म्हणाले, आता कापूस वेचणारी तुझी माय काढ. मी रात्री घरीच बसून काढली. कंबरेत दुमडलेली, एक हात मातीला, दुसरा पाठीवर. लुगड्याच्या चुण्या छान जमल्या होत्या.

सरांनी बराच वेळ पाहिलं. "तुझी माय खाली पडलेलं वेचते का रे? ही बाई मिलेची आहे. लुगडं तेवढं आपलं."

रविवारी सकाळी सर सायकलनं आमच्या वावरात हजर. माय म्हणे, "सर, खाली काहून बसता? पोतं देतो बसाले." सर धुऱ्यावरच बसले, मी शेजारी. पराटी, म्हणजे कपाशी, कमरेपर्यंत आलेली. माय पूर्ण वाकतच नव्हती. मान पुढे, दोन्ही हात एकाच वेळी दोन बोंडांवर, आणि कमरेला बांधलेली कापसाची ओटी भरत गेली तशी पाठ हळूहळू मागे रेलत गेलेली. मायला मी रोज पाहत होतो, पण हे मला ठाऊक नव्हतं. "ओटीचं वजन काढ," सर म्हणाले, आणि माझ्या कागदावर ओटीखाली स्वतः एक रेघ ओढली. तेवढीच. बाकी सगळं मला काढायला लावलं. दुपारी आम्ही तिघांनी तिथंच भाकर-ठेचा खाल्ला.

नागपूरला पोर्टफोलिओ पाहणारे त्याच कागदावर थांबले. प्रवेश मिळाला. आज मी अमरावतीला चित्रकला शिकवतो, गेल्या वर्षी मुंबईत प्रदर्शन झालं. मुलं मोबाइलवरून उतरवलेली चित्रं घेऊन येतात, मी त्यांना बसस्टँडवर पाठवतो.

आपल्या ड्रॉइंगच्या खोलीत आता संगणक आहेत. संगणक हवेतच. पण सरांनंतर पूर्णवेळ कलाशिक्षक आला नाही, हे मनाला लागतं. महोत्सवाच्या निधीतून तेवढं व्हावं, ही समितीला हात जोडून विनंती. महिन्यातून दोन शनिवार मी स्वतः यायला तयार आहे.

सर निवृत्त झाले तेव्हा ते चित्र त्यांना द्यायला नेलं होतं. त्यांनी घेतलं नाही, "मायला दे" म्हणाले. आता ते मायच्या खोलीत आहे. ओटीखालची सरांची रेघ थोडी जाड आहे, ती लगेच ओळखू येते.