आई-बाबांच्या सहा महिन्यांसाठी फोनची सोय

मार्च संपत आला की अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आसपास राहणाऱ्या आमच्या मित्रमंडळींत दरवर्षी एक प्रश्न फिरू लागतो: "आई-बाबा मे महिन्यात येत आहेत, त्यांच्यासाठी कुठला प्रीपेड प्लॅन घेऊ?" उत्तरे लगेच येतात आणि ती सगळी डॉलरमध्ये असतात. कुणी दहाचा सांगतो, कुणी पंधराचा, कुणी आपल्या कूपनची लिंक पाठवतो. माझे आई-बाबा सांगलीहून आतापर्यंत तीन वेळा येऊन गेले आहेत आणि पहिल्या खेपेला मीही दरापासूनच सुरुवात केली होती. आता मी प्लॅनचे दर सर्वांत शेवटी पाहतो. आधी त्यांच्या हातातला फोन, मग त्यांचे भारतातले सिम, आणि या दोन्हींची तजवीज झाल्यावर इथली कंपनी, असा माझा क्रम ठरून गेला आहे.

हा क्रम मला बाबांच्या फोनने शिकवला. २०२२ च्या उन्हाळ्यात ते आले, तेव्हा मी एका कंपनीचा तीन महिन्यांचा प्लॅन आधीच विकत घेऊन सिम घरी मागवून ठेवले होते. विमानतळावरून घरी येताना मागच्या सीटवर बसून त्यांच्या फोनमध्ये ते घातले, इंटरनेट लगेच सुरू झाले आणि मी निश्चिंत झालो. दुसऱ्या दिवशी बाबा एकटे फिरायला गेले आणि वाट चुकले. आमच्या वसाहतीतली घरे एकाच साच्यातून काढल्यासारखी आहेत, त्यामुळे त्यात त्यांचा दोष काहीच नव्हता. त्यांनी मला फोन लावला, पण तो लागेना. नंबर दाबला की वरची रेंजची रेघ नाहीशी व्हायची आणि कॉल तुटायचा. शेवटी त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर "मी एका पिवळ्या नळापाशी उभा आहे" असा संदेश पाठवला. आग विझवण्याचे असे नळ आमच्याकडे प्रत्येक गल्लीत आहेत.

कारण नंतर कळले. त्याच वर्षी अमेरिकेतली जुनी थ्री-जी नेटवर्क बंद होत होती: एटी अँड टीचे फेब्रुवारीत बंद झाले, टी-मोबाइलचे वर्षाच्या मध्याला आणि व्हेरायझनचे डिसेंबरअखेर. थ्री-जी गेल्यावर साधा कॉलसुद्धा फोर-जीवरूनच, म्हणजे ज्याला व्होल्टी म्हणतात त्या पद्धतीने जातो. फोनमध्ये व्होल्टी असणे एवढेच त्यासाठी पुरेसे नसते. त्या विशिष्ट नेटवर्कने तो फोन ओळखावाही लागतो. काही नेटवर्क मान्य फोनची यादीच बाळगतात, आणि भारतात विकली जाणारी अनेक मॉडेल अशा यादीत नसतात. त्यामुळे इंटरनेट व्यवस्थित चालते पण कॉल होत नाही, असा विचित्र प्रकार घडतो. कंपनीने "तुमचा फोन आमच्याकडे चालत नाही" एवढे सांगून पैसे परत करण्यास नकार दिला. तीन महिन्यांचे पैसे एकदम भरले होते, ते गेले.

तेव्हापासून मी आई-बाबांना निघण्याच्या महिनाभर आधी फोनवर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबायला सांगतो. पडद्यावर जो पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक, म्हणजे त्या फोनची ओळख, येतो, त्याचा फोटो ते पाठवतात आणि तो मी इथल्या कंपनीच्या संकेतस्थळावर तपासून घेतो. दोन सिमच्या फोनमध्ये असे दोन क्रमांक येतात, तेव्हा दोन्ही तपासावेत. संकेतस्थळ हो म्हणाले तरी माझे समाधान होत नाही, म्हणून मॉडेलचे नाव शोधून त्याचे बँडही, म्हणजे तो फोन रेडिओ लहरींचे कोणते पट्टे पकडतो तेही, पाहतो. भारतात फोर-जी मुख्यतः १, ३, ५, ८, ४० आणि ४१ या बँडवर चालते. अमेरिकेत २, ४ आणि ६६ यांचा वापर सर्रास होतो, आणि लांबवर पोहोचणारे, भिंतींतून आत शिरणारे बँड म्हणजे टी-मोबाइलचे १२ आणि ७१, व्हेरायझनचा १३, एटी अँड टीचे १२ आणि १४. भारतीय बाजारासाठी बनवलेल्या स्वस्त फोनांत यांपैकी काही हमखास गाळलेले असतात. असा फोन रस्त्यावर उत्तम चालतो, पण घराच्या तळघरात किंवा मोठ्या दुकानाच्या मधोमध मुका होतो. कंपन्यांच्या जाहिरातीतल्या रंगीत नकाशावर हे कधीच दिसत नाही, कारण तो नकाशा सगळे बँड असलेल्या फोनचा असतो.

या तपासणीत फोन नापास झाला तर सरळ इथला एखादा जुना, पूर्ण पैसे फेडलेला आणि कुठल्याही कंपनीला न बांधलेला फोन द्यावा, असे माझे मत आहे. मात्र त्यातही मी एकदा फसलो. दुसऱ्या खेपेला आईला मी माझा आयफोन १४ हौसेने दिला. तिने पर्समधून सुईदोरा काढला, सुईने जुन्या फोनमधले सिम बाहेर काढले आणि नव्या फोनच्या चारही कडांवरून बोट फिरवत ती म्हणाली, "अरे, याला भोक कुठे आहे?" भोक नव्हतेच. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोन १४ पासूनच्या फोनांत सिमचा खाचाच काढून टाकलेला आहे. सगळे काही ई-सिमवर, म्हणजे वेगळे कार्ड न घालता फोनमध्येच नोंदवल्या जाणाऱ्या सिमवर. मी स्वतः दोन वर्षे तो फोन वापरत होतो, पण आईचे सांगलीचे सिम कुठे बसणार हा विचार मला शिवलाही नव्हता. मग तिचा जुना फोन सहा महिने देव्हाऱ्याशेजारच्या प्लगला लटकत राहिला आणि ओटीपी आला की ती निरांजनाकडे जावे तशी तिकडे जायची.

ई-सिमच्या फोनचा बेत असेल तर भारतातले सिम ई-सिममध्ये बदलण्याचे काम भारतातच उरकून यावे, आणि तेही निघण्याच्या आदल्या दिवशी करू नये. भारतात सिम बदलले की फसवणूक टाळण्यासाठी पहिले २४ तास त्या नंबरवरचे एसएमएस बंद ठेवले जातात. विमान कंपनीचा, बँकेचा किंवा टॅक्सीचा ओटीपी नेमका त्याच दिवशी हवा असतो.

भारतातल्या सिमकडे मी इतके लक्ष देतो, कारण आई-बाबांचा अर्धा संसार त्या नंबरवर उभा आहे. बँकेचे ओटीपी, मुदत ठेवीचे नूतनीकरण, बंद घराचे महावितरणचे बिल, सोसायटीचा मेंटेनन्स, सगळे त्याच नंबराला चिकटलेले असते. पुष्कळांना वाटते की बॅलन्समध्ये वीस रुपये ठेवले की काम झाले. हा समज ट्रायच्या, म्हणजे भारताच्या दूरसंचार नियामकाच्या, एका खऱ्या नियमावरून आला आहे: प्रीपेड नंबर ९० दिवस वापरला नाही तरी खात्यात किमान २० रुपये असतील तर तो लगेच बंद करता येत नाही. पण नंबर आपल्या नावावर शिल्लक राहणे आणि त्यावर ओटीपी येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कारण रिचार्जची मुदत संपली की काही दिवसांत येणारे संदेशही थांबू शकतात. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना इंटरनेट नसलेले, फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक देणे बंधनकारक केले आणि विशेष पॅकची कमाल मुदत ३६५ दिवसांपर्यंत वाढवली. परदेशी येणाऱ्या आई-वडिलांसाठी हे पॅक सोयीचे आहेत. निघण्याआधी असा लांब मुदतीचा पॅक भरावा, आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्यावे आणि इथे उतरल्यावर त्या सिमचा डेटा रोमिंग बंद आहे ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. रोमिंगवर येणाऱ्या एसएमएसला साधारणपणे पैसे पडत नाहीत, पण कॉल उचलला की पडतात. त्यामुळे सगळ्या नातेवाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवरच फोन करायला आधी बजावून ठेवावे. व्हॉट्सअ‍ॅप जुन्याच नंबरवर राहू द्यावे. नवा नंबर टाकण्याची काहीही गरज नसते, आणि एकदा तो टाकला की गावातले सगळे गट, मावशी-आत्यांसकट, गोंधळात पडतात.

एवढे झाल्यावर प्लॅन निवडणे सोपे जाते. अमेरिकेत खरी नेटवर्क तीन, एटी अँड टी, टी-मोबाइल आणि व्हेरायझन. बाकीच्या बहुतेक कंपन्या त्यांचीच रेंज घाऊक भावाने घेऊन विकतात. मिंट मोबाइल आणि टेलो टी-मोबाइलच्या नेटवर्कवर चालतात (मिंट तर २०२४ मध्ये टी-मोबाइलनेच विकत घेतली), व्हिजिबल ही व्हेरायझनची आहे आणि क्रिकेट ही एटी अँड टीची. या नावाचा आपल्या क्रिकेटशी संबंध नाही, हे बाबांना दोनदा सांगावे लागले. म्हणून मी आधी आमच्या घरात आणि तळघरात कोणते नेटवर्क चांगले येते ते पाहतो आणि मग त्या नेटवर्कवरची स्वस्त कंपनी शोधतो. अशा कंपन्यांच्या ग्राहकांना गर्दीच्या वेळी इंटरनेट थोडे हळू मिळते. आई-बाबांना त्याने काही फरक पडत नाही, कारण त्यांचे सगळे व्हिडिओ घरच्या वायफायवर चालतात. बाबांचा बाहेरचा वापर महिन्याला दोन जीबीच्या वर कधी गेला नाही. त्यांच्यासाठी अमर्याद डेटाचा प्लॅन घेणे म्हणजे दोघांच्या आमटीसाठी लग्नाचे पातेले चुलीवर ठेवणे आहे.

दर वाचताना दोन गोष्टी पाहाव्यात. मिंटसारख्या कंपन्या नव्या ग्राहकाला महिना १५ डॉलर दर दाखवतात, पण तीन महिन्यांचे ४५ डॉलर एकदम घेतात, त्यावर कर आणि शुल्क वेगळे, आणि पुढच्या तीन महिन्यांसाठी तोच दर हवा असेल तर वर्षाचे पैसे भरावे लागतात. टेलोसारख्या कंपनीत मिनिटे आणि डेटा वेगवेगळे निवडता येतात आणि हिशेब महिन्याचा असतो. तिसऱ्या खेपेला मी दोघांसाठी महिन्याचाच प्लॅन घेतला. पहिला महिना चाचणीचा समजावा, फोन तळघरातून लागतो का, कॉल नीट होतात का हे पाहावे, आणि मग मोठी रक्कम भरायची तर भरावी. दुसरी गोष्ट म्हणजे स्वयंचलित भरणा. सवलतीसाठी आपण कार्ड जोडून ठेवतो आणि आई-बाबा सांगलीला पोहोचल्यावरही दोन महिने पैसे कापले जातात. परतीचे तिकीट काढतानाच मी तो बंद करण्याची तारीख कॅलेंडरमध्ये लिहून ठेवतो. सिम घेण्यासाठी मात्र इथे आधार कार्डासारखे काही लागत नाही, अंगठा नाही की फोटो नाही. बाबांना हे अजूनही संशयास्पद वाटते.

सिम चालू झाल्याबरोबर वायफाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी घरच्या वायफायवरून कॉल करण्याची सोय, सुरू करावी, म्हणजे तळघरातला प्रश्न बराचसा मिटतो. ती सुरू करताना आपत्कालीन पत्ता विचारला जातो. पुष्कळ जण तिथे घाईत काहीतरी टाकतात. वायफायवरून ९११ या इथल्या आपत्कालीन क्रमांकाला फोन लागला तर मदत पाठवताना याच पत्त्याचा आधार घेतला जाऊ शकतो, म्हणून तो घरक्रमांकासह नीट भरावा. तोच पत्ता मी एका चिठ्ठीवर इंग्रजीत लिहून बाबांच्या फोनच्या कव्हरमध्ये मागे सरकवून ठेवला आहे. बाहेर पडताना ते मला आठ तासांचे लाइव्ह लोकेशनही पाठवतात, पण बॅटरी संपल्यावर कामाला येणार ती चिठ्ठीच.

सहलीला निघताना रोमिंगचा पुन्हा एकदा विचार करावा लागतो. नायगऱ्याला आम्ही अमेरिकेच्या बाजूच्या कठड्याशी उभे होतो. आई-बाबांकडे कॅनडाचा व्हिसा नसल्यामुळे पूल ओलांडण्याचा प्रश्नच नव्हता, पण बाबांच्या फोनला व्हिसा लागत नाही. नदीपलीकडचा टॉवर जवळ वाटला आणि त्यांचे भारतातले सिम कॅनडात पोहोचले. "कॅनडामध्ये आपले स्वागत आहे" असा संदेश त्यांनी सगळ्यांना अभिमानाने दाखवला. डेटा रोमिंग बंद होते म्हणून त्या स्वागताचे पैसे पडले नाहीत. इथल्या प्लॅनमध्ये कॅनडा धरलेला आहे का, हे म्हणूनच नायगऱ्याला जाण्याआधी वाचावे.

आणखी एक त्रास नव्या नंबरचा. तो खरा नवा नसतोच. सोडलेले नंबर इथे काही काळाने दुसऱ्याला दिले जातात. आईच्या ७३२ ने सुरू होणाऱ्या नंबरावर पहिले दोन महिने कुणा तरी अनोळखी माणसाच्या थकलेल्या कर्जासाठी फोन येत होते. सुरुवातीला ती घाबरली, मग तिने उचलून शांतपणे "राँग नंबर हं" म्हणायला सुरुवात केली आणि शेवटी मी यादीत नसलेले सगळे नंबर गप्प करून टाकले. वयस्कर माणसांच्या फोनवर ही सोय पहिल्याच दिवशी चालू करावी, कारण कर्जवसुलीवाले परवडले, सरकारी अधिकारी असल्याचे भासवून पैसे मागणारे त्याहून वाईट.

सोडलेला नंबर असा दुसऱ्याकडे जातो, म्हणून परत जाण्याच्या आठवड्यात मी एक यादी करतो: औषधांचे दुकान, वाचनालय, डॉक्टर, जिथे जिथे त्यांचा इथला नंबर दिला होता तिथून तो काढून माझा घालतो. बाबांनी मात्र तो सांगलीच्या घरातल्या लाल डायरीत, माझ्या नावाखाली, "अमेरिका (आमचा)" असे लिहून जपून ठेवला आहे. पैसे भरणे थांबवून आता आठ महिने झाले. एव्हाना तो दुसऱ्या कुणाला मिळाला असेल आणि त्याला आमच्या दंतवैद्याचे अपॉइंटमेंटचे संदेश जात असतील, कारण यादीत तेवढे एक नाव माझ्याकडून राहून गेले.