गाळ धुतला आणि गोगलगायी गेल्या

एकच तलाव, दोन कोपरे, पाणवनस्पती त्याच आणि लावल्याही एकाच आठवड्यात. तरी एका कोपऱ्यातलं जाळं ट्रेमध्ये झटकलं की गोगलगायी, दुसऱ्यात शोधून एक सापडत नाही. परवापासून हेच डोक्यात घोळतंय.

तलाव गोंदिया जिल्ह्यातला, मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. पूर्व विदर्भात असे हजारो आहेत, बरेचसे कोहळी लोकांनी बांधलेले, आणि 1950 च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेल्यावर त्यांना कोणी वालीच उरला नाही. आमच्या तलावात आधी बेशरमाची झुडपं माजली, मग गाळ काढायला जेसीबी आला आणि तळ पार खरवडून गेला. शेतकऱ्याला गाळ हवाच असतो, त्याचं काही चुकत नाही. पण वरच्या थरात पाणवनस्पतींच्या बिया असतात, पाणपिसवांची अंडी असतात जी तलाव आटला तरी वर्षानुवर्षं तग धरतात, ते सगळं ट्रॉलीत भरून गेलं. एस्टिमेटमध्ये घनमीटर असतात, हे कुठेच नसतं.

म्हणून ढिवर या मासेमार समाजाच्या बायकांनी पावसाळ्याच्या तोंडावर शेजारच्या चांगल्या तलावातून हायड्रिला, सेरॅटोफायलम, व्हॅलिसनेरिया या पाणवनस्पती आणून लावल्या. कुठली वनस्पती किती पाण्यात धरते हे त्यांच्याइतकं आमच्या ऑफिसात कोणालाच कळत नाही. त्यांनी स्वतः आणलेली खेप ओल्या पोत्यात, मुळाच्या गाळासकट आली. दुसऱ्या कोपऱ्यात लावलेली खेप गाडीने आली, आणि गाडी घाण होऊ नये म्हणून ती कोणीतरी हापशीवर स्वच्छ धुतलेली. ते बघून एक मावशी म्हणाल्या, "मॅडम, धुतलं तं मंग त्याच्यात राह्यलं का?" मी ते तसंच वहीत लिहून ठेवलं होतं.

परवाच्या सॅम्पलिंगला दोन्हीकडे डी-नेट, म्हणजे D आकाराच्या तोंडाचं जाळं, मारलं. जाळं तळाला टेकवून झाडाच्या बुडाशी ढवळायचं, चाळणीतून काढून पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचं आणि मग हात लावायचा नाही, गाळ बसू द्यायचा. ही थांबायची पाच मिनिटं नवीन पोरं हमखास खातात, आणि वाळकी काडी म्हणून फेकून दिलेला पाणविंचूच असतो. थांबलं की काडी पाय हलवते. चतुरांच्या अळ्या, उलटे पोहणारे ढेकूण, पाठीवर अंडी चिकटवून फिरणारा डिप्लोनिकस या पाणढेकणाचा नर, हे दोन्ही ट्रेमध्ये होते, कारण यांना मोठेपणी पंख असतात, ते आपले आपण येतात. गोगलगाय कशी येणार? ओल्या पोत्याच्या कोपऱ्यात बेलामिया जातीच्या गोगलगायी होत्या, त्यातल्या एकीने ट्रेमध्येच पिल्लं सोडली, मोहरीएवढी, शंखासकट. ही अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते. आम्ही मोजणी थांबवून बघतच बसलो.

चतुर उडताना दिसले की तलाव जिवंत झाला म्हणून फोटो टाकतात, त्याचा मला खरंच राग येतो. चतुर कुठल्याही डबक्यावर येतात. जे उडून येऊ शकत नाहीत त्यांना कोणी आणलं का, ते विचारा.

आता धुतल्यामुळेच झालं असं मी ठामपणे म्हणू शकत नाही. तो दुसरा कोपरा गुरांच्या वाटेवर आहे, तळ तुडवला जातो, त्याचाही परिणाम असेल. यंदा तिथेच कुंपण घालून धुतलेली आणि गाळाची रोपं शेजारी शेजारी लावायची असं ठरवलंय.

शिंपले मात्र दोन्हीकडे नाहीत. त्यांची अळी माशाच्या कल्ल्याला, परांना चिकटून वाढते, म्हणजे नुसता गाळ आणून भागत नाही, योग्य मासा पाहिजे, त्यातही मला इथल्या बारक्या देशी माशांचा भरवसा वाटतो. आणि मच्छीमार सोसायटीत यंदा ग्रासकार्पची बोटुकली सोडायचं चाललंय. तो मासा हायड्रिला फस्त करेल, मग गोगलगायी बसणार कशावर? सोमवारी मीटिंग आहे. रोहू, कटला सोडा, ग्रासकार्प दोन वर्षं थांबवा, एवढं मागणार आहे. बोलायला मी मावशींनाच पुढे करणार, सोसायटी त्यांचं ऐकते.